कर्णासाठी रडणाऱ्यांनो, शिदनाकचा तंबू कुठं आहे?

मी रडलो नाही. खोलीत आम्ही सात जण होतो. सहा रडले, सातवा मी. त्यावरनं भाच्यानं मला रात्रभर सुनावलं. "मामा, तुझं काळीज गोदीतल्या लोखंडाचं झालंय," म्हणाला. हा लेख त्याच्यासाठी आहे. आणि आपल्या त्या सगळ्या पोरांसाठी, जी स्टेटसला कर्ण ठेवतात, छातीवर निळा बिल्ला लावतात, आणि ह्या दोन गोष्टींचं एकमेकांशी काही भांडण आहे असं ज्यांच्या डोक्यातच येत नाही.

जागा विश्रामबाग. सांगलीची मिरजेकडली बाजू. विलिंग्डन कॉलेज इथं, वालचंद इंजिनिअरिंग इथं, म्हणून घराघरात पोरं कॉट बेसिसवर ठेवलेली. बहीण जत तालुक्यात दिलेली. तिचं पोरगं शिकायला इथं. मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर. चार दिवस बिनपगारी रजा काढून आलो होतो (कंत्राटी माणसाला दुसरी रजा नसतेच). आल्या रात्री जेवण झालं आणि पोरांनी लॅपटॉप खुर्चीवर ठेवला. म्हणाले, मामा बसा, आज कर्णाचं मरण आहे.

नेटफ्लिक्सवर ऑक्टोबर २०२५ मध्ये 'कुरुक्षेत्र' नावाची चित्रांची मालिका आली. ॲनिमेशन. अठरा भाग, एकेका योद्ध्याच्या डोळ्यांनी युद्ध. लहान पोरांचं कार्टून समजू नका. बघणारी मिशा फुटलेली पोरं होती आणि बघताना त्यांचे श्वास ऐकू येत होते.

चाक रुतलं. खोली गप्प झाली. बाण सुटला. कोल्हापूरचा एक जण ओरडला, "ही चीटिंग हाय. हातात शस्त्र नसताना मारलं." दुसरा उसळला, "देवानं सांगितलं म्हणजे चीटिंग कसली?" दोघं हमरीतुमरीवर आले. तिसऱ्याचं म्हणणं, अभिमन्यूला सहा जणांनी घेरून मारलं तेव्हा कर्णाचे नियम कुठं गेले होते? चौथा कुणाचंच ऐकत नव्हता, डोळे पुसत होता. पाचव्यानं लगेच मोबाईल काढून स्टेटस टाकलं. सहावा माझा भाचा. तो हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा, कर्ण आपला माणूस."

बाकीच्या पाचांशी माझं भांडण नाही. ते त्यांच्या घरातलं बघत होते, त्यांच्या घरातलं भांडत होते. अर्जुनानं नियम मोडला की कर्णानं आधी मोडला, हा सरदारांच्या वाड्यातला तंटा आहे. दोन्ही बाजूंचे वकील तेच. माझं भांडण त्या हळूच बोललेल्या वाक्याशी आहे.

चित्र बघून माणूस नुसता रडतो आणि झोपतो असं कुणी म्हणत असेल तर त्यानं मिरजेत येऊन विचारावं. सप्टेंबर २००९. गणपतीचे दिवस. अफजलखान वधाचं चित्र असलेल्या कमानीवरनं मिरज पेटली, सांगलीला झळ लागली, कोल्हापूर-इचलकरंजीपर्यंत लोण गेलं. संचारबंदी. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, मिरजेत. आई भाजी विकायची. संचारबंदीत भाजी सडली, मग आम्ही ती सडलेली भाजीच निवडून निवडून खाल्ली. युद्ध साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, चित्र कापडावरचं, मान कुणाकुणाचा, आणि उपास आमचा. म्हणून चित्रातल्या युद्धाकडं मी जरा सावध बघतो. लोखंडाचं काळीज वगैरे काही नाही.

आता कर्ण.

आधी कबुली देतो, नाहीतर तुम्हीच द्यायला लावाल. माझी स्वतःची कर्णावर कविता आहे. विसाव्या वर्षी लिहिली. सूतपुत्र, कवचकुंडलं, नाकारलेला जन्म, सगळा माल भरलेला. मेळाव्यांत म्हटली की टाळ्या यायच्या. एका कार्यकर्त्यानं मला मिठी मारली होती. भाच्यानं कर्ण पहिल्यांदा माझ्याच तोंडून ऐकला. म्हणजे त्या रात्री तो जे बोलला ते मीच त्याच्या कानात घातलेलं होतं. गुन्हा माझा आहे आणि मी तो ह्याच पानावर परत घेतोय.

त्यानंतर मी पोथी वाचली. मराठी भाषांतराचे जाडे जाडे खंड, रात्रपाळीला, बोट लागायला उशीर झाला की गोदामाच्या दिव्याखाली. मॅट्रिक झालेला माणूस आहे, पंडित नाही. पण गोणी मोजता येतात तेवढा हिशोब येतो.

पहिली गोष्ट. कर्णासाठी तुम्ही का रडता? तो सूताच्या घरात वाढला म्हणून? खोटं. तो कुंतीचा आहे हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत असतं म्हणून. गोष्टीची सगळी कळ तिथं आहे. राजवंशातला पोरगा चुकून खालच्या घरात गेला, अरेरे! म्हणजे खालच्या घरात असणं हा अपघात त्याच्यापुरता. अधिरथाच्या पोटी खरोखर जन्मलेला एखादा पोरगा अर्जुनाच्या बरोबरीनं बाण मारू लागला असता तर व्यासांनी त्याला किती पानं दिली असती? ह्याचं उत्तर पोथीतच आहे. तसा एक पोरगा होता. निषादाचा. त्याचं नाव एकलव्य. त्याला कुठली कुंती सापडली नाही, कुठला सूर्य बाप म्हणून आला नाही. त्याचा अंगठा घेतला आणि पान उलटलं. पुढं द्रोणपर्वात कृष्ण अर्जुनाला सहज सांगून जातो की तुझ्यासाठी मी एकलव्यालाही संपवला. सहज. रस्त्यातला धोंडा बाजूला केला असं सांगावं तसं.

कर्णाचं शौर्य रक्तातनं येतं असं गोष्ट सांगते. आपण टाळ्या वाजवतो. च्यायला, ज्या रक्ताच्या सिद्धांतानं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं त्याच सिद्धांतावर रडून रडून आपण उशा भिजवतो!

आणखी बघा. वारणावतात लाखेचं घर जळालं. पांडव भुयारातनं पळाले. जळाले कोण? एक निषाद बाई आणि तिची पाच पोरं. जेवायला आली होती, दारू पिऊन झोपली होती. सहा प्रेतं मिळाली, पांडव मेले अशी सगळ्यांची खात्री पटली, काम झालं. तिला पोथीत नाव नाही. पाच पोरांना नाही. ह्या मरणावर एखादा भाग काढा की. त्या बाईच्या डोळ्यांनी.

घटोत्कच. भीमाचा पोरगा, पण आई हिडिंबा, रानातली. चौदाव्या दिवशी रात्री लढाई चालू राहिली तेव्हा त्याला पुढं घातलं. कर्णाकडं एकदाच चालणारी शक्ती होती, अर्जुनासाठी राखून ठेवलेली, ती ह्याच्यावर खर्च झाली. पांडव रडत होते आणि कृष्ण नाचला. पोथीत आहे, मी पदरचं सांगत नाही. शिवाय म्हणाला, हा यज्ञांचा वैरी होता, आज मेला नसता तर पुढं मलाच मारावा लागला असता. आपल्याच बाजूनं लढून मेलेल्या पोराबद्दल हे बोलणं. राखीव जागेवरनं निवडून आणलेल्या आपल्या पुढाऱ्यांनी हे वाक्य लिहून खिशात ठेवावं.

आणि कर्णाची ती इज्जत, जिच्यासाठी तो मेला. द्रौपदीला सभेत ओढून आणली तेव्हा तिला वेश्या म्हणणारा कोण? तिची वस्त्रं काढ असं दुःशासनाला सांगणारा कोण? भाच्या, तुझा कर्ण. स्वतःच्या जातीवरनं भर मैदानात हिणवला गेलेला माणूस बाईची विटंबना करायला सगळ्यात पुढं. आपल्या वस्तीत असे कर्ण मी पाहिलेत. दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाऊन रात्री बायकोवर राजे होणारे. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत सुरेखा आणि प्रियांका भोतमांगे यांच्याबरोबर जे झालं, ते करणाऱ्यांनाही गावाचा मानच राखायचा होता. मान हा शब्द कानावर पडला की मी आधी बघतो जवळपास कुठली बाई उभी आहे.

पण ह्या सगळ्याहून मोठी गोष्ट पुढं आहे आणि ती तुम्हाला कुणी सांगत नाही. अश्वसेनाची.

यमुनेकाठी खांडववन होतं. तिथं नाग राहत होते. अर्जुन आणि कृष्णानं ते वन पेटवलं. पळणाऱ्यांना बाणांनी मारून परत आगीत पाडलं. गांडीव धनुष्य अर्जुनाला ह्याच कामासाठी मिळालं. ज्या धनुष्याच्या टणत्कारावर पोरं शिट्ट्या मारतात त्याचं उद्घाटन वस्ती जाळून झालेलं आहे. त्या आगीत तक्षकाची बायको आपल्या पोराला गिळून, पोटात लपवून पळत होती. अर्जुनानं तिचं मुंडकं उडवलं. पोरगा वाचला. तो अश्वसेन.

नाग म्हटलं की आपल्या अंगावर काटा का येतो ते १४ ऑक्टोबर १९५६ नंतर जन्मलेल्यांना वेगळं सांगायला नको. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडलं ते सांगताना नाग लोकांचं नाव घेतलं होतं.

हा अश्वसेन मोठा झाला. सतराव्या दिवशी तो कर्णाच्या भात्यात येऊन बसला. कर्णाला पत्ता नाही. बाण सुटला, कृष्णानं रथ दाबला, अर्जुनाचा नुसता मुकुट उडाला. अश्वसेन परत आला आणि उघड तोंडानं कर्णाला म्हणाला की मी कोण ते बघून मला पुन्हा सोड, माझ्या आईचा खुनी तो आहे.

कर्ण काय म्हणाला? दुसऱ्याच्या बळावर कर्णाला जय नको. एकच बाण मी दोनदा लावत नाही.

दोस्तांनो, इथं थांबा. लॅपटॉप बंद करा आणि ह्या जागेवर बसून राहा. एका बाजूला जातीवरनं हिणवला गेलेला, दुसऱ्या बाजूला वस्ती जाळली गेलेला. दोघांचा वैरी एक. एकजण हात पुढं करतोय. आणि दुसरा म्हणतो, माझी इज्जत परवानगी देत नाही! ज्यांनी भर मैदानात त्याचं कुळ काढलं त्यांच्याच नियमांची इज्जत. अश्वसेन एकटा गेला, एकटा मेला. कर्ण पण एकटा मेला. चाक रुतलं ते नंतर. तो मेला तो तिथं, त्या 'नको' शब्दावर.

आपल्या चळवळीचे किती तुकडे झाले ते मोजत बसत नाही. प्रत्येक तुकड्याचा पुढारी हेच म्हणालेला असतो, दुसऱ्याच्या बळावर नको. आणि नंतर सत्तेच्या दारात कुणाच्या बळावर उभा राहिला ते आपण पाहिलंय.

म्हणून मला रडू आलं नाही. राग आला.

आता हिशोब. हा माझ्या धंद्यातला विषय आहे. गोदीत माल मोजताना एक नग कमी भरला तर कंत्राटदार आमच्या हजेरीतनं कापतो. पोथीत युद्धाचं सैन्य अठरा अक्षौहिणी. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, २१,८७० हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ. अठरानं गुणा. पायदळ १९,६८,३००. सगळे नग मिळून ३९,३६,६००. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र विचारतो, किती मेले? धर्मराज, जो कधी खोटं बोलत नाही (एकदा बोलला, तेही निम्मंच), सांगतो की १ अब्ज ६६ कोटी २० हजार. आणि २४,१६५ बेपत्ता. म्हणजे आणलेल्या मालापेक्षा मेलेला माल १६५ कोटी ६० लाख ८३ हजार ४०० नगांनी जास्त. दोन हजार वर्षं पंडित ही पोथी घोकतायत. हिशोब जुळत नाही म्हणून कुणाचा पगार कापला गेला नाही. कारण तो आकडा माणसांचा नव्हताच. तो नुसता मोठा आवाज होता, नगारा बडवावा तसा.

अजून एक. अक्षौहिणीच्या मोजणीत रथ आहे. हत्ती आहे. घोडा आहे. सारथी मोजलेला नाही. माहूत नाही. अठरा अक्षौहिणींचे ३,९३,६६० रथ काय आपोआप चालत होते? प्रत्येकावर एक सूत उभा होता. कर्णाच्या बापाच्या जातीचा. युद्धाआधी दोन्ही बाजूंनी नियम ठरवले होते: रथवाल्यानं रथवाल्याशी लढावं, पायदळानं पायदळाशी, शस्त्र टाकलेल्याला मारू नये. आणि हेही होतं की सारथ्याला मारू नये, जनावरांना मारू नये, शस्त्रं वाहून आणणाऱ्याला, नगारे-शंख वाजवणाऱ्याला मारू नये. पहिल्या दिवसापासून सारथी मेले. प्रत्येक पानावर मरतात. अमक्यानं तमक्याचे चार घोडे मारले, सारथी मारला, ध्वज तोडला. घोडे, सारथी, ध्वज. एका ओळीत. कर्णाच्या चाकाचा नियम मोडला म्हणून खोलीत दोन पोरं एकमेकांची गचांडी धरायला निघाली. सारथ्यांचा नियम मोडल्याबद्दल सहाजणांतला एक तरी शब्द बोलला काय?

आपला माणूस तिथं आहे, भाच्या. मोजणीच्या बाहेर.

तर पोरगं म्हणालं, "मामा, ही सगळी पुस्तकातली गोष्ट. आज कोण विचारतंय कुळ?"

मी म्हटलं, खोली कशी मिळाली ते सांग.

तो गप्प बसला. बहिणीनं मला फोनवर सांगितलं होतं. विश्रामबागेतच तीन दारं फिरला. पहिल्या दारात "पूर्ण नाव काय?" आडनाव सांगितल्यावर, "आत्ताच दिली हो खोली." दुसऱ्या दारात "गाव कुठलं? गावात घर कुठल्या बाजूला?" तिसऱ्या दारात तर नुसतं, "तुम्ही म्हणजे?" चौथं दार उघडलं ते ह्या पोरांतल्या एकानं आपल्या नावावर खोली घेतली म्हणून. हस्तिनापूरच्या मैदानात कृपाचार्यानं कर्णाला हेच विचारलं होतं. बाण नंतर, आधी कुळ सांग. कर्णानं मान खाली घातली. भीम म्हणाला, जा, चाबूक घे हातात. कृपाचार्य आता अंगणात तुळशीला पाणी घालता घालता विचारतो, आवाज गोड ठेवतो, एवढाच फरक.

हे रामायण-महाभारत सोडा. आपण खऱ्या लढाईवर येऊ, खऱ्या तारखेची.

विश्रामबागेतनं मिरजेला जायचं, तिथनं पंढरपूरच्या रस्त्याला लागायचं. वाटेत कळंबी गाव लागतं. मिरज तालुक्यातलंच. ह्या कळंबीचा शिदनाक महार. पटवर्धनांच्या फौजेतला. हे पटवर्धन म्हणजे ज्यांनी पुढं सांगली, मिरज ही संस्थानं चालवली तेच घराणं. ११ मार्च १७९५, खर्ड्याची लढाई, समोर निजाम, फौजेचा सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. छावणीत शिदनाकचा तंबू इतर सरदारांच्या तंबूंमध्ये पडला आणि बोंब झाली. महाराचा तंबू आमच्या राहुट्यांत? बाटलो! प्रकरण वरपर्यंत गेलं. तेव्हा हिरोजी पाटणकर म्हणून एक सरदार होता, त्यानं निकाल दिला असं सांगतात: ही जेवणाची पंगत नव्हे, इथं तलवार बघायची, जात नाही. तंबू तिथंच राहिला. आणि लढाईत परशुरामभाऊ शत्रूच्या घेऱ्यात सापडला तेव्हा त्याला सोडवायला हाच शिदनाक घुसला, असंही सांगतात.

हे घडलं ते पेशवाईच्या ऐन भरात. पुण्यात आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू असल्याचं ज्या काळाबद्दल सांगतात तो काळ.

मी खोलीतल्या सहाही पोरांना विचारलं, शिदनाक कोण? सांगलीत राहता, मिरजेत फिरता, दांडोबाच्या डोंगरावर सहलीला जाताना कळंबीवरनंच जाता. एकालाही नाव माहीत नव्हतं. माझ्या भाच्याला सुद्धा नाही. अंग देशाचा राजा माहीत, कळंबीचा शिदनाक माहीत नाही. कर्णाचं कवच किती सोन्याचं होतं ते सांगतील.

आता मला कुणी म्हणेल, मग शिदनाकचाच जयजयकार करू, चित्रमालिका काढू. थांबा. तिथं पण खड्डा आहे, आणि आपण त्यात पडलेलो आहोत.

तंबूचा निकाल कुणी दिला? सरदारानं. पंगतीचं काय झालं? पंगत तशीच राहिली. तलवार चालवण्यापुरतं जात नाही, जेवायला आहे. मरायला चल, जेवायला बस म्हणू नकोस. त्यानंतर तेवीस वर्षांनी, १ जानेवारी १८१८, भीमा कोरेगाव. कंपनीच्या बाजूनं आपली माणसं पेशव्याविरुद्ध लढली. स्तंभावर मेलेल्या ४९ जणांची नावं आहेत, त्यांतली २२ 'नाक' लागलेली. दगडावर नाव कोरलं गेलं, ही पोथीपेक्षा मोठी गोष्ट आहे. इथं मोजणी जुळते. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले ते उगाच नाही. पण त्याच इंग्रजानं १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. का? लढाऊ जातीत बसत नाही. आधी कुळ सांगा! साहेबाच्या टोपीखाली पुन्हा कृपाचार्यच.

तेव्हा गोपाळबुवा वलंगकरांनी १८९४ साली सरकारला द्यायचा अर्ज लिहिला. निवृत्त सैनिक, आपल्या चळवळीचा आद्य माणूस, मी त्यांच्या पायाशी बसायला तयार आहे. पण त्या अर्जात काय म्हटलं? आम्ही मूळचे क्षत्रिय. दुष्काळात खाली ढकलले गेलो. बघा. भर मैदानात कुळ विचारलं की चांगला चांगला माणूस कर्णच होतो. मी पण कुंतीचाच, असं सांगू लागतो. त्यांना दोष देत नाही, त्यांच्या पुढ्यात पोटाचा प्रश्न होता, शेकडो घरं पेन्शनीवर जगत होती. मात्र १९२७ मध्ये महाडला २० मार्चला तळ्याचं पाणी घेतलं आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तेव्हा कुणी कुळ सांगितलं नाही. कुळ विचारणाराच पुस्तक पेटवून दिलं. कर्ण आणि आपण ह्यांच्यात अंतर पडतं ते तिथं. तो रंगमैदानात मान खाली घालून उभा राहिला, दुर्योधनाच्या हातनं अंग देश घेतला आणि जन्मभर उपकार फेडले.

१९४१ मध्ये दुसऱ्या महायुद्धाला माणसं कमी पडली आणि बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. माणसं कमी पडली की कुळ चालतं. माझा पणजोबा त्यात होता. घरी पत्र्याच्या पेटीत त्याचा डिस्चार्जचा कागद आहे, नाव चुकीचं टाईप केलेलं. तो परत आला तेव्हा गावानं त्याला वेशीपर्यंत ओवाळत आणला म्हणे, आणि वेशीवर ताट खाली ठेवलं.

हे मी सगळं का उगाळतोय? कारण भाचा रोज पहाटे नेमिनाथनगरच्या मैदानावर पळतो. सोळाशे मीटर. त्याला अग्निवीर व्हायचंय. कॉलेज अर्ध्यात सोडून. २०२२ ची योजना: चार वर्षं नोकरी, मग शंभरातले पंचवीसपर्यंत ठेवणार, बाकीचे घरी, पेन्शन नाही. कर्णासाठी रडून झाल्यावर रात्री दीडला तो मला म्हणाला, "मामा, गोणी उचलत म्हातारं होण्यापेक्षा वर्दीत मेलेलं बरं. निदान इज्जत." आणि आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो. कारण गोणी उचलणारा त्याच्या शेजारीच बसला होता.

मी काय बोलणार? गोदीत हातमोजे स्वतःच्या पैशाचे. गेल्या पावसात माझ्या टोळीतल्या एकाच्या पायावर लोखंडी कॉईल आली. कंत्राटदाराच्या वहीत त्याचं नाव त्या दिवशी हजरच नव्हतं. सारथ्यासारखं. त्यामुळं वर्दी नको म्हण असं मी भाच्याला सांगू शकलो नाही. जा तर जा. सातारा जिल्ह्यात आपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे, नावातच मिलिटरी, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं गेली. ह्या मातीत पोटासाठी वर्दी घालणं जुनं आहे. पोटासाठी जा. पगार मोजून घे, कागद सांभाळ, चार वर्षांनी काय हातात येतं ते आधी लिहून घे. पण कर्ण होऊन जाऊ नकोस. कुणाच्या अंग देशासाठी जाऊ नकोस. हे मी त्याला म्हटलं.

तो चिडला. म्हणाला, "मग तू कविता कशाला केलीस?"

त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आजही नाही. मी वही पिशवीतनं काढली, ते पान फाडलं. त्यानं ते चुरगळून घेतलं, टाकू दिलं नाही, खिशात घातलं. पहाटे साडेपाचला बूट घालून तो पळायला गेला, ते पान खिशात घेऊनच. सकाळी परत आला घामानं निथळत, आणि पाणी पिता पिता विचारलं, "कळंबीला एसटी कुठनं सुटती?"

आम्ही मिरजेला जाऊन एसटी पकडली.

संपादक, माझी कर्णावरची कविता तुमच्याकडं दोन वर्षांपासून पडून आहे. छापू नका. आणि वाचकांनो, कर्णावरच्या तुमच्याही पाठवू नका. तुमच्या घरात पत्र्याची पेटी असेल तर उघडा. पणजा, आजा, चुलता, कुणी फौजेत गेला असेल, गोदीत, गिरणीत, गटारात कामावर मेला असेल, तर त्याचं नाव, गाव, साल, कुठल्या वहीत त्याची हजेरी लागली आणि कुठल्या वहीत लागली नाही, एवढंच एका कागदावर लिहून पाठवा. अक्षर कसंही असू दे. मोजायला मी बसतो.